पंचाण्णवच्या आत

उत्तमरावांना जाऊन सहा दिवस झाले होते. भेटायला येणारं माणूस ओसरीत टेकायचं, पाण्याचा पेला हातात घ्यायचं आणि ठरलेला प्रश्न विचारायचं, "घरी कोण होतं?"

उत्तर द्यायला तानुबाई बसलेल्याच असत. उत्तमरावांच्या या थोरल्या बहिणीने बातमी कळताच बाळापूरहून येऊन दाराजवळची जागा धरली होती, ती अजून सोडली नव्हती.

"कोण राहीन? पोरगा-सून गेल्ते परतवाड्याले, साक्षगंधाले. सुनेच्या भाचीचं साक्षगंध. म्हातारं माणूस एकटं टाकलं शेहेचाळीसच्या उन्हात, अन् गेली बाई नटून."

मग पाहुण्यांची नजर आपसूक स्वयंपाकघराच्या दाराकडे वळे. तिथे साखरपुड्याला गेलेली ती सून, दीपमाला, असे.  रिकामे पेले उचलून आत जाई, एवढंच.

रागिणी भिंतीला पाठ लावून हे सगळं ऐकत असे. ती उत्तमरावांची धाकटी, अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. बाबा त्या दिवशी मागे राहिले ते तिच्यामुळे, हे तिला माहीत होतं. दीपमालावहिनीलाही माहीत होतं, तरी सहा दिवसांत वहिनीने ते कुणापाशी काढलं नव्हतं. आणि त्यापुढची एक गोष्ट होती, ती वहिनीलासुद्धा माहीत नव्हती. ती फक्त रागिणी जाणत होती. ती सांगितल्याशिवाय वहिनीच्या माथी आलेलं हे उतरणार नव्हतं, आणि रागिणी अजून ती सांगू शकली नव्हती.

मधल्या खोलीत, बंद दाराआड, तिचा कॉम्प्युटर होता.

दोन वर्षांपूर्वी तिने तो एकेक भाग आणून स्वतः जोडला होता. सोळा कोअरचा प्रोसेसर, त्यावर तळहाताएवढा अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि दोन पंखे. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारं आहे. ते खारेपण पुढच्या पन्नास वर्षांत कुठल्या बाजूला सरकेल, याचं गणित तिने पीएच.डी.साठी घेतलं होतं. हे गणित एकदा सुरू केलं की यंत्राला सहा-सात दिवस दम खाता येत नसे. अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत ते चाललं की घरमालकांचा फ्यूज उडे. म्हणून यंत्र पातूरला, बाबांच्या घरी आलं. मधल्या खोलीच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. पूर्वी बाजाराच्या आदल्या दिवशी शेवंतीच्या पाट्या तिथेच ठेवत, कारण फुलं त्या खोलीत मान टाकत नसत.

उत्तमरावांना यंत्राचं काम कळत नव्हतं, पण त्याची तब्येत त्यांना चटकन कळली. चाळीस वर्षं त्यांनी फुलं आणि भाजीपाला पिकवला होता. रागिणीने त्यांना समजावलं, की प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो, पंखा ती उष्णता खोलीत फेकतो. पण खोलीच तापलेली असेल तर पंखा बिचारा काय करणार? पंचाण्णव अंशांच्या वर गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मग सहा दिवसांचं काम दहा दिवसांवर जातं.

"म्हंजे मरत नाई तो?" उत्तमरावांनी विचारलं होतं.

"नाई. हळू होते फक्त."

"हुशार हाय लेकाचा. माणसाले नाई जमत हे."

त्या दिवसापासून ते रोज सकाळी मऊ ब्रशने पुढच्या जाळीवरची धूळ झाडू लागले. खोलीच्या खिडकीला त्यांनी रोपवाटिकेतली हिरवी जाळी बांधली. शेजारच्या भगवंतकाकांना ते सांगत, "पोरीनं रोप लावलं हाय घरात. त्याले सावलीत ठेवा लागते."

एप्रिलमध्ये एकदा रागिणी घरी असताना ते स्टूल घेऊन यंत्रासमोर बसले होते, उगाच, कौतुकाने. ती हसत म्हणाली, "बाबा, तुमी इथं बसू नका जास्त. माणूस म्हंजे शंभर वॉटचा दिवा असते. नुसतं बसलं तरी खोली तापवते."

"खरं सांगून राहिली का मजाक करून राहिली?"

"खरं. पुस्तकात हाय."

ते लगबगीने उठले आणि स्टूल बाहेर घेऊन गेले. रागिणीला तेव्हा फार हसू आलं होतं.

मे महिन्यात शेवटची मुदत आली. प्रबंध एकतीस तारखेच्या आत द्यायचा होता. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. गणित संपल्यावर आकडे मांडून प्रबंध छापायला आठवडा तरी लागणार होता. शेवटचं गणित तिने सतरा तारखेला सुरू केलं आणि त्याच दिवशी तिला उत्तरपत्रिका तपासायला अमरावतीला हजर व्हावं लागलं. निघताना तिने बाबांना बजावलं, खोलीचं दार लावलेलं ठेवा, कोणी आत जाऊ नका, लाईट गेली तर मला फोन करा.

वीस तारखेला परतवाड्याला साक्षगंध होतं. दीपमालाने सासऱ्यांचे कपडे आदल्या दिवशीच पिशवीत भरले होते.

"मामाजी, चाला न. गाडी हाय, शेखर हाय, बसून तं जाचं हाय."

"मंग मशीन कोण पाहीन?" उत्तमराव म्हणाले. "रागिणीनं सांगतलं हाय."

दीपमालाच्या नवऱ्याने, शेखरने, रागिणीला फोन लावून विचारलं, नेऊ का बाबांना? रागिणी म्हणाली, "दादा, दोनच दिवस उरले रे." शेखरने पुढे काही विचारलं नाही. पिशवीतले कपडे पुन्हा खुंटीवर गेले.

त्या दिवशी रागिणी तपासणीच्या हॉलमध्ये बसली होती. फोन आवाज बंद करून मांडीवर ठेवला होता. पातूरच्या यंत्राचं तापमान तिला त्यावर दर मिनिटाला दिसे. तशी सोय तिनेच करून घेतली होती. सकाळी नऊला ब्याऐंशी. अकराला नव्वद. पावणेबाराला त्र्याण्णव झाले, तशी ती उठून व्हरांड्यात गेली आणि तिने घरी फोन लावला.

"बाबा, मशीन तापून राहिलं. त्र्याण्णव झालं."

"अरे बाप्पा! आपल्या इथं शेहेचाळीस हाय म्हणते टीव्हीवर. त्याले तं आपल्या दुप्पट उन्ह लागलं."

"अजून दोन अंश चढले का हळू होते ते. मंग एकतीस तारीख हुकली समजा."

"थांब. ओसरीतला कूलर नेऊन लावू का त्याच्या खिडकीत?"

घरात कूलर एकच होता. पत्र्याचा, चाकांच्या स्टँडवर बसवलेला, उत्तमरावांच्या खाटेशी कायमचा लागलेला. त्याची टाकी एका कोपऱ्यात गळत होती, त्यामुळे दर चाळीस मिनिटांनी बादलीभर पाणी ओतावं लागे. हे रागिणीला ठाऊक होतं. व्हरांड्यात उभी असताना हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, कूलर, खाट, गळकी टाकी. नको बाबा, कूलर तुमच्यापाशीच राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. ते तिने म्हटलं नाही. मग म्हणाली, "पाहा बा तुमी."

"पाहतो. तू पेपर तपास तुये."

बारा वाजून वीस मिनिटांनी आकडा खाली यायला लागला. नव्वद, सत्त्याऐंशी, त्र्याऐंशी, एकोणऐंशी. रागिणीला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही चांगली बातमी?" ती म्हणाली, "हो, घरची आहे."

दुपारभर आकडा ऐंशीच्या आसपास वरखाली होत राहिला. चारनंतर तो चढला. सव्वाचारला ब्याण्णव झाला, साडेचारला पंचाण्णव. कूलरमधलं पाणी संपलं, बाबांचा डोळा लागला असणार, असं तिला वाटलं, आणि तिला राग आला. थोडाच, पण आला. तिने फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग उरलेल्या सहा उत्तरपत्रिका तपासून, गठ्ठा बांधून, पाच वाजता तिने भगवंतकाकांना फोन केला.

"काका, जरा पाहता का घरी? कूलरमधे पाणी टाकाले सांगा बाबाले."

ती हे असंच म्हणाली होती. कूलरमधे पाणी टाकाले सांगा.

भगवंतकाकांना उत्तमराव ओसरीत खाटेवर सापडले. वर पत्र्याचं छत. अंग तापलेल्या तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. बादली खाटेखाली लवंडली होती. काकांनी ओला दुपट्टा अंगावर टाकून, गाडी करून त्यांना अकोल्याला नेलं. दवाखान्यात ताप मोजला तो एकशे सात. रात्रीचं जेवण व्हायच्या वेळेला सगळं संपलं होतं. शेखर-दीपमाला परतवाड्याहून आले आणि रागिणी अमरावतीहून आली, तोवर त्यांना पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, अग्नी देऊन परतल्यावर, भगवंतकाका शेखरला सांगत होते, "दुपारी दोनच्या सुमारास मी गेल्तो आवाज द्याले. म्हटलं उत्तमराव, आत जाऊन कूलरच्या हवेत बसा न, इथं काहून भाजून घेता? तं म्हणे, मी आत बसलो तं खोली तापते म्हणते पोरगी. हासून राहिले होते. मले वाटलं, मजाक हाय."

शेखरला त्यातलं काही कळलं नाही. रागिणी उठून मोरीत गेली आणि तिथे बराच वेळ उभी राहिली.

भेटायला येणारे येतच होते. कोणी म्हणे, म्हातारे उन्हातच वाढलेले, त्यांना काय होतं. कोणी म्हणे, बीपीच्या गोळ्या होत्या ना. पण तानुबाईंचं उत्तर बदललं नाही. दीपमाला जेवायच्या वेळी सगळ्यांना वाढून झालं की स्वयंपाकघरात एकटी बसे, कारण पहिल्याच दिवशी तानुबाई म्हणाल्या होत्या, "तुये तं पोट साक्षगंधातच भरलं असन."

नवव्या दिवशी दुपारी दीपमालाचा भाऊ देवमन परतवाड्याहून भेटायला आला. ज्या मुलीचं साक्षगंध झालं तिचा तो बाप. ओसरीत टेकला तेव्हा त्याने टोपी काढून हातात धरली होती. तो काही विचारायच्या आतच तानुबाईंनी सुरुवात केली.

"या. झालं का चांगलं साक्षगंध? इथं माहा भाऊ उन्हात तडफडून राहिला होता, तिथं तुमी पेढे वाटून राहिले होते."

देवमनने हात जोडले. "आत्याबाई, चूक आमची हाय. आमीच आग्रह केला ताईले."

"आग्रह तुमी केला, पण जाणारीले अक्कल पायजे होती."

दीपमालाच्या हातात पाण्याचा ट्रे होता. भावाला हात जोडताना पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते रागिणीला बघवेना. 

"आत्या," रागिणी म्हणाली, "वहिनीची चूक नाई."

"तू नको बोलू मधात."

"बाबा माह्या मशीनसाठी राहिले. वहिनीनं त्यायचे कपडे भरले होते. मीच राहू दिलं त्यायले."

"ताई, राहू द्या," दीपमाला हळूच म्हणाली. "झालं गेलं. तुमाले का माईत होतं असं होईन म्हणून."

"माईत होतं वहिनी."

 रागिणीने आत जाऊन लॅपटॉप आणला. प्रोसेसरचं तापमान दर मिनिटाला नोंदवलेलं होतं, त्या दिवसाचा आलेख तिने उघडला. गेल्या नऊ दिवसांत तो तिने किती वेळा पाहिला होता, याची मोजदाद नव्हती. करवतीच्या दातांसारखी रेघ होती. ती जमिनीवर तानुबाईंसमोर बसली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला सांगता आलं नसतं.

"हे सकाळ. हे चढून राहिलं. इथं बारा वीसले रेघ एकदम उतरली, म्हंजे बाबानं कूलर ओसरीतून काढून मशीनच्या खिडकीत लावला. मी फोनवर पाहून राहिली होती. घरात कूलर एकच हाय, हे मले माईत हाय. मी खूश झाली."

शेखर खांबाला टेकून उभा होता. तो सरळ झाला.

"मंग पाणी संपत आलं का रेघ चढते, बाबानं पाणी टाकलं का उतरते. हे एक वाजता. हे पावणेदोनले. हे दोन पंचवीसले. दरवेळी अंगणातल्या टाक्यातून बादली भरून, उन्हातून. मीच सांगतलं होतं, बोअरचं पाणी नका टाकू, पांढरा थर धरते. हे तीन दहाले. हे शेवटचं." तिचं बोट थांबलं. "याच्या चाळीस मिनिटानं पुन्हा उतराले पायजे होती. नाई उतरली. मले तीन पन्नासलेच समजाले पायजे होतं. मी पाच वाजता फोन केला भगवंतकाकाले. सत्तर मिनिटं. अन् तवाबी बाबाची चौकशी नाई केली. कूलरमधे पाणी टाका म्हटलं."

तानुबाई चष्म्यातून आलेखाकडे पाहत होत्या. त्यांनी बोट पुढे केलं आणि रेघेच्या शेवटच्या उताराला, पडद्याला न टेकवता, वरच्यावर धरलं.

"इथं होता का उत्तम?"

"हो आत्या."

"चालून राहिला होता?"

"हो. बादली घेऊन."

तानुबाईंनी बोट मागे सरकवलं, आधीच्या उतारावर, मग त्याच्या आधीच्या. जत्रेच्या गर्दीत एखादं माणूस शोधावं तशा त्या प्रत्येक उतारावर थांबत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. रागिणीला वाटलं होतं, आता त्या ओरडतील. तिने त्याची तयारी केली होती. त्या ओरडल्या नाहीत.

शेखरने विचारलं, "अन् मशीन? जळली नाई?"

"नाई. हळू झाली आपल्याच्यानं. वाचली."

"झालं मंग तुयं काम?"

"झालं. बावीस तारखेले."

"म्हंजे कूलर नसता लावला तरी दोनचार दिवस उशीरच झाला असता. एवढंच न?"

"एवढंच."

शेखर चपला न घालता अंगणात उतरला. उन्हात जमीन भाजत असणार. तो तसाच वाफ्यांच्या बाजूला चालत गेला. देवमनने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

रागिणी दीपमालाकडे वळली. "वहिनी, तुमी नऊ दिवस ऐकून घेतलं."

दीपमालाने ट्रे खाली ठेवला होता. ती रागिणीकडे पाहत होती, पण ओळखीचं माणूस पाहावं तसं नाही.

"मी ऐकून घेतलं, कारण मले वाटलं तुमाले माईत नसन," ती म्हणाली. "म्हटलं, पोरीले माईत नव्हतं, अन् आता कळलं तं मरन ते. म्हणून मी चूप राहिली."  "तुमाले दिसून राहिलं होतं. मले तं वाटलं होतं, तुमी रोज माह्या बाजूनं रडून राहिल्या."



संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर पानं घेतली. साधं वरण, भात, भोपळ्याची भाजी. उद्या सकाळी दहाव्याला लवकर निघायचं म्हणून जेवणं लवकरच होती. शेखर परत आला होता आणि मान खाली घालून बसला होता. दीपमाला वाढायला उठली, तेवढ्यात तानुबाईंनी तिच्या पदराला धरलं.

"बस. इथं बस, माह्याजोळ."

"वाढाचं हाय, आत्याबाई."

"वाढीन कोणी. तू बस. नऊ दिवस झाले, मीच तुले..."  त्यांनी आपल्या शेजारचा पाट पुढे ओढला.

दीपमाला बसली. रागिणीने स्वयंपाकघरातून वरणाचं भांडं आणलं, आधी तानुबाईंना वाढलं, मग दीपमालाला, मग देवमनला आणि शेखरला. भात वाढला. भाजी वाढली. दुसऱ्यांदा वरण घेऊन फिरली. कोणी तिला नको म्हटलं नाही, कोणी दे म्हटलं नाही. पानं वाढून झाली तशी ती भांडं हातात धरून दाराशी उभी राहिली.

तिच्यासाठी पाट मांडलेला नव्हता, आणि तो मांडायला कोणी उठलं नाही. देवमनने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि पुन्हा पानात पाहिलं. सगळे जेवत होते. रागिणी भांडं घेऊन आत गेली आणि चुलीजवळ, जिथे वहिनी नऊ दिवस बसत होती, तिथे बसली.